मधली वीस वर्षं

जानेवारी २०२३ ची गोष्ट. रात्रीची जेवणं झाली होती, पडवीत मी आणि आई दोघीच, मी लॅपटॉपवर ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला एपिसोड लावला होता आणि आई समोर सूप घेऊन सुपारी सोलत अधूनमधून स्क्रीनकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही पण ह्या असल्या मालिकांना ते लागतही नाही, माणसं पळायला लागली की काय झालंय ते कळतंच. तर २००३ साल, अमेरिकेतलं टेक्सास, एका बुरशीची साथ येते, एका रात्रीत सगळं उलटंपालटं, आणि शेवटी एक बाप आपल्या गोळी लागलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेला, ती जाते. आईचे हात थांबले. स्क्रीन काळी झाली आणि वर अक्षरं आली.

“काय लिहिलंय गं?”

“वीस वर्षांनंतर.”

“मग मधे काय झालं?”

मी म्हटलं ते नाही दाखवत आई, आता डायरेक्ट पुढची गोष्ट. ती काही पटल्यासारखी दिसली नाही. म्हणाली, “असं कसं? पोर गेली त्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला असेल ना? चूल कोणी पेटवली?”

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलाच नाहीये. मी जग बुडण्याच्या मालिका भरपूर बघते, लॉकडाऊनपासून लागलेली सवय आहे, आणि आईने विचारल्यावर एकेक आठवून बघितली तर खरंच, बहुतेक सगळ्या तिथेच उडी मारतात. ‘वॉकिंग डेड’चा हिरो हॉस्पिटलात बेशुद्ध असतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा जग संपून गेलेलं असतं, बाहेर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या प्रेतांच्या रांगा. २०१० ते २०२२, अकरा सीझन, १७७ एपिसोड चालली ती मालिका, पण सगळं कोसळलं ते मोजके आठवडे ह्या माणसाने झोपेत काढले. ‘फॉलआउट’मध्ये एका मुलाच्या वाढदिवसाच्या पार्टीत दूरवर अणुबॉम्ब पडताना दिसतात आणि त्यानंतर गोष्ट जाते ती थेट २१९ वर्षं पुढे. ‘सायलो’मध्ये हजारो माणसं जमिनीखाली राहतात आणि वरती नेमकं काय झालं होतं ते कोणाला आठवतच नाही, म्हणजे मधला काळ लोकांच्या डोक्यातूनसुद्धा पुसून टाकलाय.

मला त्यांची अडचण कळते. बुडण्याचा दिवस दाखवायला सोपा असतो, आवाज असतो, धावपळ असते. आणि वीस वर्षांनंतरचं चित्र तर तयारच आहे, फ्लायओव्हरवर वेली चढल्यात, मॉलमध्ये गवत, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्या गंजून तशाच उभ्या. ह्या दोन्हीच्या मधे जे असतं ते म्हणजे रोज तेच. पाणी आणा, ओलं सरपण फुंकत बसा, पडलेलं उचला, परत दुसऱ्या दिवशी पाणी आणा. त्याचा एपिसोड कसा करणार?

पण मी ती काळी स्क्रीन आतून बघितलीये. म्हणून मला ह्या विषयावर लिहायचंय, नुसता मालिकांचा रिव्ह्यू नाही लिहायचा.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या वरच्या अंगाला. मी मार्च २०२० मध्ये ठाण्याहून आले, पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आले होते, मग तिथेच राहिले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी ते अलिबागच्या खाली जमिनीवर चढलं, हवामान खात्याने ताशी १०० ते ११० किलोमीटर वारा सांगितला होता, झोत १२० पर्यंत. टीव्हीवर सकाळपासून सगळे कॅमेरे मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभे होते, रिपोर्टर रेनकोट घालून वाट बघत होते. आमच्याकडे अकरालाच लाइट गेली, त्यामुळे आपल्यावर काय येतंय ते आम्हाला टीव्हीवर बघताच आलं नाही.

वादळाचं काय सांगू. आम्ही चौघं, म्हणजे मी, आई, बाबा आणि आमची म्हातारी काकू, माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. तव्यावरची भाकरी उलटावी तशी एकेक कौल उलटत होतं आणि त्या भोकातून पाऊस खाली न येता आडवा जात होता. स्वयंपाकघरावरचा पत्रा कधी गेला ते कळलं पण नाही, तो चार दिवसांनी ओढ्यापलीकडे मिळाला, घडी घातल्यासारखा. आणि मागच्या वाडीतून, म्हणजे आमच्या पोफळी-नारळांच्या बागेतून, आवाज येत होते. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मोडते तेव्हा बांबू फाटल्यासारखा आवाज येतो, आधी मधे मधे, मग लागोपाठ, बाबा सुरुवातीला मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. तीन-चार तास हे चाललं. मालिकांमध्ये हा भाग ते खरंच चांगला करतात, त्यात माझी काही तक्रार नाही.

संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर समुद्र दिसला.

हे वाचताना काही वाटणार नाही कदाचित, पण आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नव्हता. ऐकू यायचा, खारा वारा यायचा, पण मधे वाडी होती, पणजोबांच्या वेळेपासूनची. एकशेचाळीसच्या वर पोफळी, बावीस नारळ, दोन जायफळं, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, अशी गच्च सावली की दुपारी पण विहिरीकडे जाताना अंधारल्यासारखं वाटायचं. ते सगळं आडवं झालं होतं आणि त्याच्या वरून करड्या रंगाचा समुद्र, अगदी जवळ. आई दारात उभी राहून म्हणाली, “हा एवढा जवळ होता?” लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती तिला त्या घरात.

बाबा मात्र समुद्राकडे बघत नव्हते. ते आडव्या झाडांवरून वाकत, चढत विहिरीच्या बाजूला गेले आणि एका जागी झावळ्या बाजूला करायला लागले. मला वाटलं काही माणूसबिणूस अडकलंय की काय, मी पण धावले. तिथे रोपांचा वाफा होता. फेब्रुवारीत त्यांनी निवडक सुपारी पेरली होती, तिचे नुकते वीतभर कोंब आले होते. वर एक अख्खा माड पडला होता पण तो तिरका, गडग्यावर अडकलेला, त्यामुळे खाली पोकळी राहिली होती आणि कोंब उभे होते. बाबांनी एकेक बोटाने चाचपून बघितला. त्रेसष्ट होते. आकडा मला लक्षात आहे कारण त्यांनी तो घरात येऊन काकूला सांगितला, आणि त्यानंतर रात्रभर काहीच बोलले नाहीत.

मग सव्वीस दिवस लाइट नव्हती. मोबाइल टॉवर आडवा, रस्त्यावर झाडं, बँकेचं मशीन बंद, वर करोना. माझी काळी स्क्रीन ती, सव्वीस दिवसांची. त्यातला रोजचा दिवस सारखाच होता तरी मला तो वेगवेगळा आठवतो. विहिरीवरचा पंप बंद म्हणून जुना रहाट वापरायचा विचार झाला तर त्याचा कणाच मोडलेला, मग दोरी आणि कळशी. काडेपेट्या ओल्या झाल्या म्हणून आईने चूल विझूच द्यायची नाही असं ठरवलं होतं, रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची आणि पहाटे काकू उठून फुंकर मारायची. म्हणजे आईने तो प्रश्न विचारला ना, चूल कोणी पेटवली, तो काही उगाच विचारला नव्हता.

आता एक गोष्ट जी मला ह्या मालिकांमध्ये मनापासून खटकते. जग बुडालं की तिसऱ्या दिवशी शेजारी शेजाऱ्यावर बंदूक धरतो. हे इतकं ठरून गेलंय की आपण त्यावर विचारच करत नाही. राक्षस नावाला असतात, खरी भीती माणसांचीच, आणि जो कोणावर विश्वास ठेवतो तो पुढच्या एपिसोडमध्ये मरतो. सीझनमागून सीझन हेच बघितलं की ते खरं वाटायला लागतं, आणि मला त्याची काळजी वाटते, कारण उद्या खरंच काही झालं तर लोक जे बघितलंय तेच आठवून वागणार.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोहल्ल्यातली सहा पोरं लाकूड कापायची मशीन घेऊन आली. त्यांच्या स्वतःच्या मशिदीच्या आवारात आंबा पडला होता, तो तसाच ठेवून आधी रस्ता मोकळा करायला घेतला, कारण वरच्या वाडीत एक बाई दिवस भरलेली होती. कोळीवाड्यातल्या होड्या फुटल्या होत्या तरी तिथून सुकी मासळी आली, आम्ही घरात मासे खात नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आमच्यासाठी वेगळी पिशवी होती, तांदळाची. कोणी कोणाला मोठं भाषण दिलं नाही. एकमेकांच्या छपरावर चढून प्लॅस्टिक बांधायचं काम चालू होतं, पाऊस थांबत नव्हता.

सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही. मेणबत्त्या तिप्पट भावाने विकल्या गेल्या. जनरेटरवर मोबाइल चार्ज करायचे पन्नास रुपये घेणारा पण आमच्यातलाच होता. दोन सख्खे भाऊ हद्दीवर पडलेल्या फणसाच्या लाकडावरून असे भांडले की आजपर्यंत बोलत नाहीत. आणि पंचनाम्याची यादी आली तेव्हा कोणाची किती झाडं लिहिली गेली ह्यावरून जे झालं ते वादळाच्या दिवशीपेक्षा वाईट होतं असं काकू म्हणायची. पण बंदूक धरण्यासारखं नाही हो. हे जे आहे, मदत आणि हाव एकाच माणसात, सकाळी तुमचं छप्पर शाकारणारा संध्याकाळी तुमच्याशीच प्लॅस्टिकच्या भावावरून वाद घालतो, हे मला कुठल्याच मालिकेत नीट दिसलेलं नाही. तिथे माणूस एक तर देव असतो नाहीतर लुटारू.

ह्याला अपवाद म्हणून मी दोन नावं घेईन. एक खूप जुनं, ‘थ्रेड्स’. बीबीसीने सप्टेंबर १९८४ मध्ये दाखवलेला टीव्हीपट, इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरावर अणुबॉम्ब पडतो त्याची गोष्ट. सुरुवातीलाच एक कोळी जाळं विणताना दिसतो, शहरातला प्रत्येक माणूस बाकीच्यांशी कसा धाग्याने बांधलेला आहे असं मागे कोणीतरी सांगत असतं. मी तो एकटीने बघितला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही, त्यामुळे उगाच कोणाला बघा म्हणून सांगत नाही. पण तो उडी मारत नाही. पडद्यावर टाइप केल्यासारखी अक्षरं येत राहतात, हल्ल्यानंतर इतके दिवस, इतके आठवडे, इतके महिने, आणि मग थेट तेरा वर्षांपर्यंत मोजत जातो. त्यात एक सीन आहे, बॉम्बनंतर जन्मलेली मुलं एका पडक्या खोलीत बसून शाळेच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमाची घासलेली टेप बघतायत. त्यांना धड बोलता येत नाही, कारण त्यांच्याशी बोलायला कोणाला वेळच मिळालेला नाही. मी तिथे थांबले, कारण आमच्या सव्वीस दिवसांत काकूने शेजारच्या चार पोरांना रोज संध्याकाळी परवचा म्हणायला बसवलं होतं, पाढे, रामरक्षा, सगळं, आणि तेव्हा मला वाटलं होतं की ही काय वेळ आहे का. बॉम्ब पडतो त्या सीनपेक्षा त्या टेपच्या सीनने मला जास्त घाबरवलं.

दुसरं नाव ‘चेर्नोबिल’, २०१९, पाचच एपिसोड. तशी ती जग बुडायची गोष्ट नाही, २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत युनियनमध्ये एक अणुभट्टी फुटली त्याची आहे, पण त्या गावापुरतं जग संपलंच ना. तिच्यात स्फोट सुरुवातीच्या काही मिनिटांतच होऊन जातो आणि बाकी सगळं नंतरचं काम आहे. खाणकामगार उकाड्यात बोगदा खणतायत. छपरावर पडलेले ग्रॅफाइटचे तुकडे फावड्याने ढकलायला माणसं पाठवतात, प्रत्येकाला नव्वद सेकंद, घंटा वाजली की परत. तो सीन बघताना मला वीजमंडळाची माणसं आठवली. आमचे खांब उभे करायला दुसऱ्या जिल्ह्यांतून आली होती, घाटावरची, समुद्र पहिल्यांदाच बघत होती त्यातली काही. वाडीवाडीत गाडी जात नाही म्हणून सिमेंटचा खांब बारा-बारा जणांनी खांद्यावर घेऊन चिखलातून आणला, पायात चपला टिकेनात म्हणून अनवाणी. शाळेत राहत होती, गावाने आळीपाळीने जेवण दिलं. आमच्याकडे पाळी आली त्या दिवशी आईने फणसाची भाजी केली, एक मुलगा म्हणाला ही कशाची आहे काकी, मटण नाही ना, आणि आई इतक्या दिवसांनी हसली.

आपल्याकडे ह्या विषयावर फार मालिका नाहीत असं लोक म्हणतात. मला वाटतं आपल्याकडे विषय आहे, भरपूर आहे. शिमग्याला आमच्याकडे नमनात संकासूर येतो, काळे कपडे, लांब टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, पोरं किंचाळत पळतात. वेद चोरून समुद्रात लपलेला असुर तो, आणि त्याला मारायला विष्णू मासा झाला. त्याच माशाने मनूला सांगितलं की पाणी येतंय, नाव बांध, त्यात सप्तर्षी घे आणि सगळी बियाणी घे. बियाणी! बाबांनी वाफा उघडला तेव्हा मला हे आठवलं नव्हतं, नंतर आठवलं. आणि कोकणाची तर सुरुवातच समुद्रापासून, परशुरामाने बाण मारून त्याला मागे हटवला आणि ही जमीन काढली असं आपण म्हणतो, म्हणजे ही उसनी जमीन आहे हे लहानपणापासून मनात असतंच.

आजी अष्टग्रहीचं सांगायची. फेब्रुवारी १९६२, आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, देशभर यज्ञ चालले होते. आमच्या घरात तेव्हा पणजीने वर्षभरासाठी ठेवलेला गूळ काढला आणि सगळ्यांना पोटभर पोळ्या घातल्या, राहून कशाला जाऊ दे म्हणून. जग बुडलं नाही आणि पुढचे आठ महिने घरात गुळाचा खडा नव्हता. ही गोष्ट आजी नेहमी त्या आठ महिन्यांसाठी सांगायची, बिनगुळाचा चहा कसा प्यायलो, शेजारणीने कसा अर्धा शेर आणून दिला. ग्रहांबद्दल ती एक वाक्य बोलायची.

आणि महाभारत. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण-महाभारत परत दाखवलं तेव्हा आमच्या घरी सगळे बसायचे. मला तेव्हा जाणवलं नव्हतं, पण ती मालिका युद्ध झालं, भीष्म गेले की संपते. मूळ महाभारत तिथे संपत नाही. अठरा दिवसांचं युद्ध, आणि त्यानंतर बायका रणांगणात येऊन आपापली माणसं शोधतात त्याचं अख्खं पर्व, आणि त्याच्यापुढे शांतिपर्व, जे सगळ्या अठरा पर्वांत सगळ्यात मोठं आहे. म्हणजे व्यासांनी युद्धानंतर कसं जगायचं, राज्य कसं चालवायचं, मन कसं सावरायचं ह्याला सगळ्यात जास्त जागा दिलीये. मग छत्तीस वर्षं जातात आणि द्वारका समुद्रात जाते. अर्जुन उरलेल्या बायकापोरांना घेऊन निघतो, वाटेत चोर गाठतात, आणि गांडीवाला दोरी चढवतानाच त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत. इतका मोठा धनुर्धर, आणि ऐन वेळी हात चालत नाहीत. बाबांना ३ जूनला मांडीवर हात ठेवून बसलेलं बघितलंय, मला हा अर्जुन समजतो. हे कोणी टीव्हीवर करावं असं मला फार वाटतं, आणि अर्ध्या तासात गुंडाळू नये, सावकाश करावं.

आता परत त्या रात्रीकडे येते. आईचा प्रश्न तसाच राहिला आणि मालिका दर आठवड्याला एक एपिसोड अशी यायची. तिसरा एपिसोड आला तेव्हा आम्ही दोघी परत पडवीत. आणि तो एपिसोड उठून थेट २००३ मध्ये गेला. एक एकटा, कोणावर भरवसा नसलेला माणूस, ओसाड गावाला कुंपण घालून राहतो, त्याने खणलेल्या खड्ड्यात एक दुसरा माणूस पडतो, तो त्याला वर काढतो, जेवायला घालतो. आणि ते दोघं एकत्र राहायला लागतात, प्रेमात पडतात, संसार करतात. ती मधली वीस वर्षं त्या एका एपिसोडमध्ये दाखवली. भांडणं दाखवली. घराला रंग द्यायचा का ह्यावरची कटकट दाखवली. आजारपण दाखवलं.

मला मनात थोडी धाकधूक होती की दोन पुरुष म्हटल्यावर आई काय म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही, सूप बाजूला ठेवून बघत होती. एक सीन आहे, त्या दुसऱ्याने गुपचूप स्ट्रॉबेरी लावलेली असते, तो पहिल्याला वाफ्याकडे नेतो, आणि इतक्या वर्षांनी फळ तोंडात घातल्यावर तो राकट माणूस पोरासारखा खिदळतो.

“बी कुठनं आणलं?” आईने विचारलं.

मी म्हटलं, बंदूक दिली एक, त्याच्या बदल्यात बियांची पाकिटं घेतली.

“बरोबर केलं,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “हे दाखवलं बघ मधलं.”

शेवट मी सांगत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघावा. आम्ही दोघी त्या रात्री उशिरापर्यंत पडवीतच बसून होतो.

आमचं मधलं अजून चालू आहे. बाहेरच्यांना वाटतं वादळ गेलं, झाडं परत लावली, झालं. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. ती सावलीत वाढणारी जात आहे, आणि सावली देणारी झाडंच गेली होती, मग आधी केळी लावायच्या, केळीची सावली झाली की तिच्या आडोशाला पोफळ. केळी लावल्या तर मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, ते किनाऱ्याच्या कडेकडेने वर गुजरातेत गेलं पण जाता जाता आमच्या केळी झोपवून गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि तिकडे महाडजवळ तळियेवर डोंगर आला. आईची मावशी चिपळूणला असते, तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, आम्ही इथून तांदूळ आणि काडेपेट्या घेऊन गेलो, काडेपेट्या आईने आठवणीने तीन पिशव्यांत गुंडाळल्या होत्या. मालिकेत जग एकदाच बुडतं आणि मग सीझन पुढे जातो. इथे एकातून वर येईपर्यंत दुसरं येतं, त्यामुळे ‘वीस वर्षांनंतर’ ही पाटी नेमकी कधीपासून मोजून लावायची ते मला कळत नाही.

त्या त्रेसष्ट कोंबांतली एकोणपन्नास रोपं शेवटी वाडीत गेली. बाबा सदुसष्टचे आहेत आता. लावताना शेजारचे एक आजोबा म्हणाले होते की पाच-सहा वर्षं फळाला, आणि नारळाला त्याहून जास्त, कशाला करताय, जागा रिसॉर्टवाल्याला द्या, विचारणा होतच होती. बाबांनी उत्तर दिलं नाही, खड्ड्यात शेणखत टाकत राहिले. यंदा दोन पोफळींना पहिला घोस आला. छोटा आहे, धड वाढेल की नाही माहीत नाही. बाबांनी आईला बोलवून दाखवला आणि आईने मला फोन करून वाडीतूनच दाखवला, तर नेटवर्क गेलं आणि स्क्रीनवर नुसतं हिरवं काहीतरी अडकून राहिलं.

मागच्या दारातून समुद्र आता थोडाच दिसतो. डाव्या बाजूला केळी आणि पोफळी मिळून चांगलं दाटलंय. विहिरीकडच्या अंगाला मात्र अजून मोकळं आहे, तिथली तीन रोपं डुकरांनी उकरून टाकली होती, ती ह्या जूनमध्ये परत लावलीत.